मेंढीची लोकर कशी कातरावी

रानमेंढ्यांची लोकर थंडी सरली की आपसूक गळते. पाळीव मेंढीचं तसं नाही. भरपूर लोकर देणारीच जनावरं पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवली गेली, त्यामुळे बहुतेक जातींत गळण्याचा गुण उरलाच नाही. (लोकरीऐवजी केसच जास्त असलेल्या काही जाती अजूनही अंगावरचे केस स्वतःच झाडतात. त्यांना हात लावू नका.) बाकीच्यांची लोकर वाढतच राहते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ एक भरकटलेला मेरिनो मेंढा सापडला. त्याच्या अंगावरून ४१ किलो लोकर निघाली. एरवी वर्षाकाठी ४-५ किलो निघते. असं ओझं वागवणारी मेंढी उन्हात धापा टाकते आणि उताणी पडली तर तिला उठता येत नाही. पोटात वायू साठून ती काही तासांत मरूही शकते. त्याहून वाईट म्हणजे शेपटीखालच्या लेंड्यांनी लडबडलेल्या लोकरीत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत कातडी पोखरतात.

म्हणून वर्षातून एकदा, थंडी ओसरल्यावर कातरणी करावी. गाभण मेंढीची विण्याआधी ४ ते ६ आठवडे उरकावी; दिवस भरत आले असतील तर वीत होईपर्यंत थांबावं.

आदल्या संध्याकाळपासून चारा बंद ठेवा. पोट भरलेलं असलं तर बसवल्यावर छातीवर दाब येतो आणि मेंढी धडपडते. लोकर कोरडीठाक हवी. ओली लोकर नीट कापली जात नाही आणि साठवली की कुजते.

आता खरं काम, म्हणजे मेंढी धरणं. तिला ढुंगणावर बसवा, पाठ तुमच्या गुडघ्यांना टेकलेली. चारही पाय जमिनीवरून सुटले की बहुतेक मेंढ्या गप्प बसतात. मात्र एखादा खूर जमिनीला टेकला तर ती उसळलीच म्हणून समजा.

आधी पोटाची लोकर काढा. ती मळकी असते, वेगळी ठेवा. तिथे सड आणि मेंढ्याचं लिंग यांवर मोकळा हात ठेवून मगच कातर चालवा. मग मागचा पाय, मान, एक बाजू, पाठ आणि शेवटी दुसरी बाजू. मोकळ्या हाताने कातडी सतत ताणून धरा, कारण जखमा होतात त्या सुरकुतीतच. पातं कातडीला समांतर ठेवा. लोकर हाताने ओढू नका, तिच्याबरोबर कातडी उचलली जाते. थोडी लोकर राहिली म्हणून त्याच जागी पुन्हा कातर मारायचा मोह आवरा. त्याने आखूड तुकडे पडतात आणि सुताचा दर्जा जातो.

कुठे कापलंच तर लगेच जंतुनाशक लावा, नाहीतर माश्या बसतात. नुकत्या कातरलेल्या मेंढीला काही दिवस गार पाऊस, बोचरा वारा आणि कडक ऊन यांपासून आडोशाला ठेवा आणि चारा थोडा वाढवा. लोकर पसरून घाण भाग काढा, गुंडाळा आणि हवा खेळेल अशा कापडी पोत्यात भरा, प्लास्टिकच्या नको.