ऑर्किडच्या मुळांतल्या बुरशीचा डीएनए तपासताना या चुका टाळा

मुळं धुतली, डीएनए काढला, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) झाला, सिक्वेन्स (डीएनएतल्या बेसचे क्रम) हातात आले. यादी उघडली तर फ्युझेरियम आहे, ट्रायकोडर्मा आहे, क्लॅडोस्पोरियमही आहे. ऑर्किडची नेहमीची साथीदार बुरशी ट्युलास्नेला, तिचा मात्र पत्ता नाही. त्याच मुळाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तेव्हा पेशीपेशींत कवकतंतूंच्या गुंडाळ्या, म्हणजे पेलोटॉन, ठसठशीत दिसत होत्या. अशा वेळी बरेच जण ‘या ऑर्किडचे साथीदार वेगळेच आहेत’ असं लिहून मोकळे होतात. संशय घ्यायचाच असेल तर तो आधी प्रायमरवर, म्हणजे पीसीआर जिथून सुरू होतो त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर घ्या.

नेहमीच्या प्रायमरवर विसंबणं

ऑर्किडच्या बीमध्ये अन्नसाठा जवळजवळ नसतोच. निसर्गात ती रुजायची तर बुरशी आत शिरावी लागते, हे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिलं. बहुतेक हिरव्या ऑर्किडांत हे काम तीन कुळांतल्या बुरशी करतात: ट्युलास्नेलेसी, सेराटोबॅसिडिएसी आणि सेरेंडिपिटेसी. घोळ आहे तो पहिल्या कुळात. ट्युलास्नेलाची रायबोसोमची जनुकं इतर बुरशींच्या मानाने फार झपाट्याने बदलत गेली आहेत. त्यामुळे ‘सगळ्या बुरशींना चालतात’ म्हणून आपण डोळे मिटून वापरतो ते आयटीएसचे (रायबोसोमच्या जनुकांमधला, बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग) प्रायमर नेमके इथे नीट चिकटत नाहीत. नमुन्यात दुसरी कुठलीही बुरशी असली की ती पुढे निघून जाते आणि ट्युलास्नेला मागे पडते, कधी कधी पार नाहीशी होते.

हे टाळायला टेलर आणि मॅकॉर्मिक यांनी २००८ मध्ये खास ऑर्किडच्या बुरशींसाठी प्रायमर सुचवले. त्यातला आयटीएस१-ओएफ हा आयटीएस१एफच्याच जागेवर बसतो, पण तो किंचित वेगळ्या दोन प्रायमरांचं मिश्रण आहे. त्याच्या जोडीला आयटीएस४-ओएफ, आणि फक्त ट्युलास्नेला पकडायची असेल तर आयटीएस४-टुल. मेटाबारकोडिंगसाठी (एका नमुन्यातल्या सगळ्या बुरशी एकदम डीएनएवरून ओळखण्यासाठी) आयटीएस८६एफ आणि आयटीएस४ ही जोडीही चांगलं काम देते. कुठलीही एक जोडी सर्वगुणसंपन्न नाही, म्हणून दोन वेगळ्या जोड्या चालवून निकाल शेजारी ठेवून बघावेत.

प्रायमर जुळतो का हे तपासतानाही एक फसगत होते. डेटाबेसमधून ट्युलास्नेलाचे सिक्वेन्स उतरवायचे, प्रायमरशी जुळवायचे आणि ‘शंभर टक्के जुळला’ म्हणून खूश व्हायचं. पण पीसीआरने वाढवलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना असतो तो प्रायमरचाच क्रम, बुरशीचा नव्हे. टोकं न छाटता सिक्वेन्स जमा केला असेल तर तुम्ही प्रायमर प्रायमरशीच जुळवत बसलेले असता. त्यासाठी प्रायमरच्या जागेच्या पलीकडे, आयटीएसच्या दोन बाजूंच्या १८एस किंवा २८एस जनुकात बरंच आत जाणारे लांब सिक्वेन्स घ्या. मग प्रायमरच्या ३’ टोकाचे, म्हणजे जिथून प्रत पुढे वाढते त्या टोकाचे, शेवटचे चार-पाच बेस एकेक करून बघा. ५’ टोकाला एखादा बेस चुकला तर निभावतं. ३’ टोकाचा शेवटचाच बेस जुळला नाही तर पॉलिमरेज (प्रती बनवणारं विकर) पुढे सरकतच नाही म्हटलं तरी चालेल. अॅनिलिंगचं (प्रायमर चिकटण्याचं) तापमान दोन-चार अंश खाली आणून पाहता येतं, पण मग ऑर्किडचा स्वतःचा आयटीएसही वाढू लागतो. बँड (जेलवर दिसणारी पीसीआरच्या डीएनएची रेघ) भलत्याच लांबीचा आला तर आधी तीच शक्यता तपासा.

आणखी एक. माहितीतल्या बुरशींचं मिश्रण करून नियंत्रण नमुना चालवता ना? त्यात ट्युलास्नेलाचा डीएनए घातलेला असलाच पाहिजे. यीस्ट आणि अॅस्परजिलस घालून ‘नियंत्रण व्यवस्थित आलं’ म्हणण्याला इथे काडीचा अर्थ नाही.

बँडच येत नाही

याला बहुधा मुळातले पॉलिफेनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड जबाबदार असतात. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर पीसीआरमध्ये बीएसए (अडथळे बांधून ठेवणारं प्रथिन) आणि डीएनए काढतानाच सीटॅब या पेशी फोडणाऱ्या रसायनासोबत पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारं) वापरा. मूळ जास्त घेतल्याने डीएनए जास्त मिळतो हा गैरसमज आहे, जास्त मिळतात ते अडथळे.

मुळात सापडलं ते सगळं सहजीवी समजणं

ऑर्किडच्या मुळावर, खास करून झाडांवर वाढणाऱ्या जातींत, व्हेलामेनचं मृत पेशींचं आवरण असतं. त्यात नाना प्रकारच्या बुरशी मुक्कामाला असतात. त्यांचा आणि ऑर्किडच्या पोषणाचा संबंध असेलच असं नाही. नुसत्या अल्कोहोलने पुसल्यावर वरची बुरशी मरते, पण तिचा डीएनए जागेवरच राहतो आणि यादीत येऊन बसतो. सोडियम हायपोक्लोराइट वापरा, नंतर निर्जंतुक पाण्याने नीट धुवा, आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही पीसीआरला लावा. त्यात बँड आला तर मूळ अजून स्वच्छ झालेलं नाही.

मुळाचा कुठलाही तुकडा उचलणं हीसुद्धा तशीच चूक. बुरशी मूळभर सारखी पसरलेली नसते. झाडावरच्या ऑर्किडमध्ये सालीला चिकटलेल्या बाजूला ती भरपूर असू शकते आणि हवेत लोंबणाऱ्या मुळात अजिबात नसू शकते. आधी पातळ छेद घेऊन पेलोटॉन बघा, त्याच्या लगतचा तुकडा डीएनएसाठी ठेवा.

याची उलटी चूकही बघायला मिळते: तीन कुळांबाहेरचं सगळं ‘दूषित’ म्हणून गाळून टाकणं. एपिपॅक्टिस मायक्रोफिला या ऑर्किडच्या मुळांत चक्क ट्रफलची बुरशी, म्हणजे ट्युबर, सहजीवी म्हणून सापडली आहे, आणि ती तर त्या तीन कुळांपासून खूप दूरच्या अॅस्कोमायकोटा गटातली. हिरवेपणा गमावलेल्या ऑर्किडांचं गणित आणखी वेगळं. कोरॅलोरायझा मॅक्युलाटा रुस्युला कुळातल्या बुरशींवर जगते, हे टेलर आणि ब्रन्स यांनी १९९७ मध्ये डीएनएवरूनच दाखवलं. गॅस्ट्रोडिया इलाटाचं बी मायसेनाच्या मदतीने रुजतं आणि पुढे कंद पोसायला तिला आर्मिलारिया लागते. मोठ्या झाडाच्या मुळातली बुरशी बी रुजवेलच, असं गृहीत धरू नये ते याचसाठी. संवर्धनाचं काम असेल तर जाळीच्या पुडीत बी घालून जमिनीत पुरा आणि रुजलेल्या प्रोटोकॉर्ममधून (बी रुजून तयार होणाऱ्या पहिल्या गाठीतून) बुरशी काढा.

आणि सिक्वेन्सच्या संख्येवरून ‘अमुक बुरशी सत्तर टक्के’ असली वाक्यं टाळा. रायबोसोमच्या जनुकाच्या प्रती बुरशीगणिक कमीजास्त असतात.

बुरशी वाढतच नाही

पेलोटॉन सुईने मोकळा केला, चार वेळा धुतला, स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या माध्यमावर ठेवला आणि दोन-तीन दिवसांत तंतू फुटले. पुढच्या प्लेटवर मात्र वाढ रोडावली. तेव्हा माध्यमातला नायट्रोजन कुठल्या रूपात आहे ते बघा. ट्युलास्नेला कॅलोस्पोराच्या जिनोममध्ये (संपूर्ण डीएनएत) नायट्रेट घेऊन वापरण्याची जनुकं सापडलेली नाहीत. अमोनियम आणि अमिनो आम्लं आत घेणारी आहेत. झापेक-डॉक्स माध्यमात नायट्रोजन असतो तो सोडियम नायट्रेटचा, म्हणजे तिच्यासाठी उपासच. ओटमील अगारवर हलवा. जिनोम वाचून प्लेटवरची तक्रार सुटते, अशी ही छान जागा आहे.

दुहेरी शिखरं दिसली की फाइल फेकून देणं

सँगर पद्धतीने (एका वेळी एकच तुकडा वाचून) काढलेल्या सिक्वेन्सचा आलेख सुरुवातीला स्वच्छ असतो, मग एका ठिकाणापासून प्रत्येक जागी दोन-दोन शिखरं. उलट दिशेने वाचलं तर तिकडूनही तसंच, स्वच्छ भाग येऊन त्याच जागेशी गोंधळ सुरू. हे बघून ‘दोन बुरशी मिसळल्या’ असा शेरा मारला जातो. असू शकतं, पण या बुरशींच्या पेशींत एकापेक्षा जास्त केंद्रकं असतात आणि ती जनुकीयदृष्ट्या वेगळी असू शकतात. दोन प्रतींपैकी एकीत एखादा बेस जास्त असला की तिथून पुढचं वाचन एका घराने सरकतं आणि नेमका असा आलेख मिळतो. एका तंतूचं टोक कापून पुन्हा वाढवा, पुन्हा सिक्वेन्स करा. तेच चित्र आलं तर क्लोनिंग करून प्रती एकेक वेगळ्या काढा किंवा लांब वाचन देणारं तंत्र वापरा आणि दोन्ही प्रती नोंदवा. मधल्या जागी ‘एन’ (‘बेस माहीत नाही’ची खूण) भरून वेळ मारून नेऊ नका.

पहिल्या ओळीतलं नाव उचलणं

ब्लास्टमध्ये, म्हणजे डेटाबेसमधले मिळतेजुळते सिक्वेन्स शोधणाऱ्या साधनात, सगळ्यात वर आलेलं नाव हे कुणीतरी कधीतरी दिलेलं नाव असतं. एप्युलोरायझा म्हणून जमा झालेला सिक्वेन्स आज ट्युलास्नेलात मोडतो, सेराटोरायझा म्हणजे सेराटोबॅसिडियम, आणि सेबासिना व्हर्मिफेरा आता सेरेंडिपिटात आहे. एका बुरशीला एकच नाव हा नियम २०१३ पासून लागू झाला, पण जुन्या नोंदी तशाच आहेत. युनाइट या बुरशींच्या आयटीएस डेटाबेसमधला जातिगट बघा, आणि आपला सिक्वेन्स ओळख पक्की असलेल्या नमुन्यांसोबत वंशवृक्षात बसवून बघा. ‘९७ टक्के जुळलं की एकच जात’ ही सरसकट रेघ ट्युलास्नेलाला नेमकी लागू पडत नाही. जात ठरवायची असेल तर आयटीएससोबत आणखी दोन-तीन जनुकं घ्या.

जिनोमच्या पातळीवरचे घोळ

जिनोम जोडल्यावर आकार अपेक्षेच्या जवळपास दुप्पट आला, बुस्कोमध्ये (ठरावीक जनुकांवरून जिनोम पूर्ण आहे का ते तपासणाऱ्या साधनात) दोनदा सापडणारी जनुकं भरमसाट दिसली, तर दोन वेगळी केंद्रकं स्वतंत्रपणे जोडली गेली असण्याची शक्यता मोठी. के-मरचा (डीएनएच्या ठरावीक लांबीच्या छोट्या तुकड्यांच्या मोजणीचा) आलेख आधीच काढला असता तर दोन शिखरं तेव्हाच दिसली असती. जीवाणूंचे तुकडे सापडले तर तेही लगेच ‘दूषित’ ठरवू नका: सेरेंडिपिटा इंडिकाच्या तंतूंच्या आत रायझोबियम गटातला जीवाणू राहतो. तुकडे वेगळे काढा, पण नोंद ठेवा.

अर्थ लावतानाही घाई होते. सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांची जनुकं ढीगभर दिसली म्हणून बुरशीला कुजवणारी किंवा रोगकारक ठरवलं जातं. २०१५ मध्ये अनेक सहजीवी बुरशींच्या जिनोमची तुलना झाली. पाइन, ओकसारख्या वृक्षांच्या मुळांशी जगणाऱ्या एक्टोमायकोरायझा बुरशींनी ही जनुकं मोठ्या प्रमाणात गमावलेली दिसली. ट्युलास्नेला आणि सेबासिनाच्या जवळच्या ऑर्किडच्या बुरशींनी मात्र ती राखून ठेवली आहेत. यांच्यात हा विकरांचा साठा असणं नेहमीचंच आहे.

लोकसंख्या-जनुकशास्त्रात एकाच झाडातून काढलेल्या दहा वसाहती दहा व्यक्ती म्हणून मोजल्या जातात. त्या बहुतेकदा एकाच बुरशीच्या प्रती निघतात. हिशेबाआधी एकसारखे जीनोटाइप (जनुकीय रचना) गाळा.

जतन उद्यावर ढकलणं

वारंवार नवीन प्लेटवर हलवत राहिलं की काही बुरशींची बी रुजवण्याची ताकद ओसरते, डीएनएचा आयटीएस तोच राहिला तरी. म्हणून वेगळी झाल्याबरोबर तिचे तुकडे ग्लिसरॉलसारख्या रक्षक द्रवात घालून अतिथंड तापमानाला ठेवा. पुढे वापरायला काढल्यावर आयटीएस पुन्हा तपासा आणि थोड्या बियांवर रुजवणीची चाचणी घ्या. दोन्ही जुळल्याशिवाय मोठ्या प्रयोगाला ती बुरशी देऊ नका.