मुलाचं वाचन अडखळतंय? या चुका टाळा

तिसरी-चौथीतलं मूल बालभारतीचा धडा घडाघडा म्हणतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. त्याच धड्यातल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा. ते ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत त्या शब्दापर्यंत येत असेल, तर धडा पाठ आहे, वाचता येत नाही. पाठांतरालाच वाचन समजण्यात वर्षं जातात.

त्याहून मोठी चूक म्हणजे ‘दहा वेळा लिहून काढ’. अडखळण्यामागे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली मूळचीच अडचण, असू शकते. त्यात बुद्धी कमी नसते आणि आळसही नसतो. शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडणं जड जातं. त्यात ‘कि’ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर, ‘र’ ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायाशी. चुकीचा शब्द दहादा लिहिला की चूकच पक्की होते, वर मूल रडवेलं होतं ते वेगळंच. आधी तोंडी खेळा: ‘पाटी’तला ‘पा’ काढला, काय उरलं? मग तेच अक्षरकार्डांवर. रोज पंधरा मिनिटं पुरेत. घ आणि ध, भ आणि म एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झालं की दुसरं.

डोळे आणि कान एकदा जरूर तपासा, पण नुसत्या चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही. उलट, पहिलीतल्या मुलाने एखादं अक्षर उलटं काढलं म्हणून घाबरूही नका. घरी पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठी नवी असते, तेही ध्यानात घ्या. डिस्लेक्सियाची तपासणी मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ चाचणी मराठीतही आहे.

‘शिक्का बसेल’ म्हणून डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र टाळणारे पालक बरेच. मला हे फार लागतं, कारण नुकसान मुलाचं होतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना भेटा.

वर्गशिक्षकांना मात्र आजच सांगा: प्रकट वाचनाला त्याला अचानक उभं करू नका, कुठला परिच्छेद येणार ते आदल्या दिवशी कळवा.