ग्रीक काव्यातला अंधार वाचायचा कसा

होमर किंवा हेसिओद हे प्राचीन ग्रीक कवी भाषांतरातून वाचले तर पानोपानी एकच 'अंधार' भेटतो. मुळात मात्र तिथे निदान पाच शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. ते वेगळे ओळखता आले तरच काव्याची खरी गोडी कळते.

आधी लिपी शिका. अक्षरं 24 आहेत. रोज अर्धा तास दिला तर दोन आठवड्यांत हात बसतो. थीटा, फी, खी यांचे जुने उच्चार थ, फ, ख असेच होते, म्हणजे मराठी जिभेला ते आयते येतात. फक्त 'फ' फळातला म्हणा, फोनमधला नको. उप्सिलॉनसाठी ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवा.

मग एक ओळ घेऊन बसा. होमरचं युद्धकाव्य इलियड, सर्ग 4, ओळ 461: 'तोन दे स्कोतोस ओस्से कालुप्सेन'. तोन म्हणजे त्याला, ओस्से म्हणजे दोन्ही डोळे, कालुप्सेन म्हणजे झाकलं. कर्ता आहे स्कोतोस, म्हणजे अंधार. माणूस मेला असं कवी म्हणत नाही; अंधारानं येऊन त्याचे डोळे झाकले, असं म्हणतो. ओस्से हे द्विवचन आहे आणि संस्कृतच्या 'अक्षी'चं नातलग. रामटेकला किंवा नागपुरात संस्कृत शिकलेल्यांना ते लगेच ओळखू येईल. इथे 'काळोख पसरला' असं भाषांतर केलं की डोळे गळतात आणि ओळ मरते. आपली 'डोळ्यांपुढे अंधारी येणे' ही धाटणी कितीतरी जवळची. आजच्या ग्रीकमध्ये 'ठार मारणे' याला 'स्कोतोनो' म्हणतात, तेही याच शब्दावरून.

आता वहीत बाकीचे चार लिहा. क्नेफास ही तिन्हीसांज. झोफोस हा दाट अंधार, पण ती दिशाही आहे. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर मावळतीकडे तोंड करून उभे राहा: सूर्य बुडाल्यावर पाण्यावर उतरतो तो क्नेफास, आणि नंतर क्षितिजाशी जो गडद होत जातो तो झोफोस. इलियडच्या बाराव्या सर्गात उजवीकडे उषा आणि सूर्य, डावीकडे झोफोस, अशी मांडणी आहे. तिथे 'पश्चिम' हाच अर्थ घ्यायचा. पंधराव्या सर्गात मात्र तोच शब्द हेदीस या मृतांच्या देवाच्या वाट्याला आलेल्या पाताळासाठी येतो. आख्लूस म्हणजे डोळ्यांवरचं धुकं. पाचव्या सर्गात अथीना देवी दिओमीदीस या योद्ध्याच्या डोळ्यांवरून ते दूर करते, म्हणून त्याला देव आणि माणूस वेगळे दिसतात. पाचवा एरेबोस: पाताळातला अंधार, आणि एक आदिदेवताही. संस्कृत 'रजस्' त्याचा सगोत्र मानतात.

एरेबोसपाशी एक अडचण येते. देवता म्हणायची की जागा? छापील प्रतीतल्या मोठ्या-लहान अक्षरावर विसंबू नका. तो भेद जुन्या लेखनात नव्हता, तो संपादकाचा निर्णय असतो. क्रियापद पाहा. जन्म देणं, मीलन होणं असं असेल तर देवता; 'तिकडे गेला' असं असेल तर जागा.

पर्सियस या मोफत ग्रंथसंग्रहात शब्दावर क्लिक केलं की रूप आणि अर्थ मिळतो. तिथे एकाच रूपाला दोन-तीन पर्याय दिसले तर पहिलाच उचलू नका, वाक्याशी ताडून पाहा. रात्र शोधताना 'न्यूक्स'बरोबर 'न्युक्त' हे अंगही (ज्याला प्रत्यय लागतात तो भाग) शोधा, नाहीतर बहुतेक ओळी हातातून सुटतील. एकभुक्त-नक्तातलं 'नक्त', म्हणजे रात्र, लक्षात ठेवलं तर हे अंग विसरणार नाही.

सगळ्यात मोठी चूक अर्थाची होते: अंधार म्हणजे पाप असं धरून वाचणं. हेसिओदच्या थिओगोनीत, म्हणजे देवांच्या वंशावळीच्या काव्यात, खाओस या आदिम पोकळीपासून एरेबोस आणि न्यूक्स होतात, आणि त्या दोघांपासून ऐथेर व हेमेरा, म्हणजे वरचं तेज आणि दिवस. मृत्यू, निद्रा, कलह हीही न्यूक्सचीच लेकरं. इलियडच्या चौदाव्या सर्गात देवांचा राजा झ्यूससुद्धा तिला दुखवायला धजत नाही. रात्रीला 'युफ्रोनी', म्हणजे भल्या मनाची, असंही म्हणत. आपण दिवा 'विझला' न म्हणता 'शांत झाला' म्हणतो, त्याच जातीचा हा शब्द. तो 'रात्र' म्हणून उरकू नका. 'मायाळू रात्र' लिहा, म्हणजे त्यामागची भीतीही वाचकापर्यंत पोचते.