या चुका टाळा: एम्युलेटरला हार्डवेअर जोडणारे ऑप्शन ठरवताना

इंदूरच्या छप्पन दुकानवर ‘दोन पोहे, एक कचोरी, जिरावण कमी’ असं सांगितलं, तर जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) कशावर कमी टाकायचं हे दुकानदार चेहरा बघून ओळखतो. एम्युलेटर म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये उभा केलेला संगणक; त्याच्या पार्सरला, म्हणजे कमांड लाइन वाचणाऱ्या कोडला, चेहरा दिसत नाही. ‘-डिस्क अ.इमेज -रीडओन्ली -डिस्क ब.इमेज’ या ओळीत रीडओन्ली (फक्त वाचायची) डिस्क कोणती, आधीची की नंतरची? तुम्हाला माहीत आहे, कारण कोड तुमचा आहे. वापरणारा अंदाज बांधेल आणि एखाद्या दिवशी चुकीच्या डिस्कवर लिहून बसेल. एका उपकरणाचं सगळं वर्णन एकाच ऑप्शनमध्ये ठेवा: ‘फाइल=अ.इमेज,रीडओन्ली=ऑन’. स्वल्पविराम वापरला की फाइलच्या नावातल्या स्वल्पविरामाचं काय, हा प्रश्न येतोच. क्यूएमयू या एम्युलेटरमध्ये तो दोनदा लिहितात: ‘राजवाडा,,जुना.इमेज’. तुमचा नियम काहीही असो, तो पहिल्याच आवृत्तीत ठरवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उपकरणाची दोन टोकं एकत्र बांधणं. गेस्टला, म्हणजे एम्युलेटरच्या आत चालणाऱ्या सिस्टिमला, दिसतं ते कार्ड. होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनवर, त्यामागे असते फाइल, ब्रिज (नेटवर्क जोडणारा दुवा) किंवा स्पीकर. क्यूएमयूच्या जुन्या ‘-नेट एनआयसी -नेट यूझर’ पद्धतीत नेटवर्क कार्ड (एनआयसी) आणि जाळं एकाच हबला, म्हणजे एकाचं पॅकेट सगळ्यांना पाठवणाऱ्या जोडणीला, लागत. दोन कार्डं, दोन जाळी दिली की लोकांना वाटे दोन स्वतंत्र नेटवर्क झाली. प्रत्यक्षात चौघंही एकाच हबवर, आणि एकाचे पॅकेट दुसऱ्याकडे. आता टोकं वेगळी लिहून आयडीने जोडतात:

‘-नेटडेव्ह यूझर,आयडी=नेट१ -डिव्हाइस ई१०००,नेटडेव्ह=नेट१’

लांबलचक आहे, हे खरं. म्हणून २०१८ मध्ये, २.१२ आवृत्तीत, ‘-एनआयसी’ हा आटोपशीर ऑप्शन आला. आटोपशीर रूप जरूर द्या, पण आतून ते लांब रूपातच उलगडू द्या. दोन वेगळे कोडमार्ग ठेवले की एकात दुरुस्त झालेला बग दुसऱ्यात तसाच राहतो. प्रत्येक जातीच्या हार्डवेअरला नवा फ्लॅग देण्याचंही तेच. ‘-साउंडएचडब्ल्यू’ या फ्लॅगमध्ये साउंड कार्डाचं नाव होतं, पण होस्टचा ऑडिओ ड्रायव्हर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून यायचा. शेवटी ७.१ आवृत्तीत तो फ्लॅग काढूनच टाकला.

आता नेहमीची तक्रार: ‘फक्त एक डिस्क वाढवली आणि गेस्टचं नेटवर्क गेलं.’ पीसीआय स्लॉट (कार्ड बसायची क्रमांकाची जागा) सांगितला नसेल तर उपकरणं कमांड लाइनवरच्या क्रमाने रिकाम्या स्लॉटांत बसतात. व्हर्टिओ (एम्युलेटरसाठीच बनवलेल्या प्रकारची) डिस्क ‘-डिव्हाइस’ने नेटवर्क कार्डाच्या आधी लिहिली की कार्ड तिसऱ्या स्लॉटवरून चौथ्यावर सरकतं. लिनक्स गेस्टमध्ये कार्डाचं नाव स्लॉटवरून ठरतं, म्हणून ‘ईएनएस३’चं ‘ईएनएस४’ होतं, पण सेटिंग अजून ‘ईएनएस३’च्याच नावावर असतं. कार्डाला ‘अ‍ॅड्र=०x५’सारखा रिकामा पत्ता एकदा ठरवून द्या. डिझाइन करताना पत्ता ऐच्छिक ठेवा, पण देण्याची सोय असलीच पाहिजे.

मॅक पत्त्याचं, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाचं, दुखणं याचंच भावंड. क्यूएमयूमध्ये तो दिला नाही तर पहिलं कार्ड ५२:५४:००:१२:३४:५६ घेतं, आणि दुसऱ्या गेस्टचं पहिलं कार्डही तेच घेतं. एकाच ब्रिजवर दोघं आले की डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर) दोघांना एकच आयपी देऊ शकतो आणि जोडण्या अधूनमधून तुटतात. पूर्ण बंद नाही, ‘कधी चालतं, कधी नाही’. म्हणून शोधायला वेळ लागतो. प्रत्येक गेस्टला मॅक स्वतः द्या.

क्यूएमयूच्या क्यू३५ (पीसीआय एक्स्प्रेसच्या) मशीनवर चालू गेस्टमध्ये कार्ड घालायचं असेल तर सुरुवातीलाच रिकामा रूट पोर्ट (कार्ड लावायची जागा) ठेवा, थेट ‘पीसीआयई.०’ बसवर हॉटप्लग, म्हणजे चालू असताना जोडणं, होत नाही. आणि आयडी नसलेलं उपकरण नंतर काढताना जीव मेटाकुटीला येतो.

एककंही सांभाळा. मेमरी ठरवणारा ‘-एम ५१२’ म्हणजे ५१२ मेबीबाइट, पण डिस्कची फाइल बनवणाऱ्या ‘क्यूएमयू-आयएमजी क्रिएट’ला नुसता १० दिला तर ते १० बाइट समजतं. एकाच पेटीतली दोन अवजारं! नव्या एम्युलेटरमध्ये एकक नसेल तर सरळ नाकारा.

‘मॅक’ऐवजी ‘मक’ टाइप झालं तर गुपचूप पुढे जाऊ नका. उपकरणाचं नाव आणि न सापडलेली प्रॉपर्टी सांगून थांबा. ‘-डिव्हाइस ई१०००,हेल्प’ लिहिलं की क्यूएमयू त्या कार्डाच्या प्रॉपर्टींची यादी छापतं. तुमच्याकडे अशी यादी करताना ती हाताने लिहू नका, पार्सर जे टेबल वाचतो त्यातूनच छापा.