विदर्भातल्या दुर्गम गावात सेवेला जाताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात, आणि पुन्हा मार्च उलटला की. कॉलेजच्या मुलामुलींचे गट, निवृत्त डॉक्टर, बँकेतले कर्मचारी. कोणाला मेळघाटात काही करायचं असतं, कोणाला गडचिरोलीत एखादं गाव हवं असतं, कोणाला यवतमाळच्या शेतकरी कुटुंबांपर्यंत मदत पोचवायची असते. हे फोन आले की मला मनापासून बरं वाटतं. माणसं पदरचे पैसे मोडून, हक्काची रजा टाकून यायला तयार होतात, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच त्या चुका दरवर्षी होतात आणि त्यांचा भुर्दंड गावाला पडतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. तुम्ही जाल त्या गावात कोणीतरी आधीपासून राबत असतं: आशाताई, अंगणवाडी सेविका, उपकेंद्रातली सिस्टर, बचत गटातल्या बाया, ग्रामसभेतली जाणती माणसं. तुमची गाडी परतल्यावरही तीच तिथे असणार. आपल्या येण्याने त्यांचं काम हलकं झालं की वाढलं, हे विचारत राहा.

तारीख आपल्या रजेवरून ठरवणं

सगळ्यात सहज होणारी चूक हीच. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालते, बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. यवतमाळ-अमरावतीकडे ऑक्टोबरात सोयाबीन निघतं आणि लगेच कापसाची वेचणी लागते. मार्च-एप्रिलमध्ये जंगलपट्ट्यात मोहफुलं वेचायला माणसं पहाटेच बाहेर पडतात. मे महिन्यात तेंदूपान: पहाटे जंगल, दुपारी घरी पुडके बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या ठिकाणी, मोजून देणं. त्या थोड्या दिवसांच्या कमाईवर घराचे पुढचे कितीतरी खर्च अवलंबून असतात. अशा वेळी सकाळी दहाला महिला मेळावा ठेवला तर येणारीची मजुरी बुडते, आणि न येणारीबद्दल ‘यांना स्वतःच्याच आरोग्याची पर्वा नाही’ असं बोललं जातं. मला त्या वाक्याचा फार राग येतो. मेळघाटात तर दिवाळीनंतर घरंच्या घरं कामासाठी बाहेरगावी जातात आणि होळीला परततात. जानेवारीत तिथे शिबिर लावणारे रिकाम्या अंगणांना भेटून येतात.

उपाय सोपा आहे. निघण्याच्या महिनाभर आधी आशाताईला किंवा ग्रामपंचायतीत फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: सध्या कोणतं काम चालू आहे, माणसं घरी कधी असतात, आठवडी बाजार कोणत्या वारी आणि कुठे भरतो. बाजाराच्या दिवशी गावात कोणी सापडत नाही, पण बाजारात वीस गावं एका जागी भेटतात. रक्तदाब तपासायचा असो की योजनांची माहिती द्यायची असो, टेबल बाजारातच टाका. गावात बसायचंच असेल तर जेवणं आटोपल्यावर, रात्री.

आणि मे महिन्याशिवाय सुट्टीच नसेल तर? मग गावावर कार्यक्रम लादण्यापेक्षा शिकायला जा. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यातच भरते. घाम गाळायला मिळतो, आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं याची समज येते.

खरी गरज पावसाळ्यात असते. घरातलं धान्य संपत आलेलं, हगवण आणि मलेरिया वाढलेला, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. पण पहिल्यांदाच येणाऱ्याने त्या दिवसांत आत जाऊ नये. पुरात अडकलेल्या पाहुण्याची काळजी गावालाच घ्यावी लागते. दोन-तीन वर्षं नियमित येणारे, तिथल्या संस्थेची किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची सवय झालेले लोक पावसाळ्यात गेले, तर त्यांचा एकेक दिवस मोलाचा ठरतो.

कपड्यांचे गठ्ठे आणि दुधाची पावडर

जुने कपडे गोळा करणं सोपं असतं म्हणून ते गोळा होतात. टेम्पो चौकात उभा राहतो, वरून गठ्ठे फेकले जातात. धडधाकट पोरांच्या हाती तीन-तीन शर्ट लागतात, विधवा म्हातारी मागेच उभी राहते. ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्याला आपण मुलाबाळांसमोर हात वर करायला लावतो. टेम्पो निघालाच असेल, आता परत फिरवता येत नसेल, तर वाटप स्वतः करू नका. सगळं बचत गटाच्या ताब्यात द्या. कोणाच्या घरी काय लागतं ते त्या बायांना पाठ असतं. घालण्याजोगे नसलेले कपडे मात्र घरीच ठेवा.

कपड्यांनी निदान जीव जात नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरने जाऊ शकतो. कुपोषणाच्या बातम्या वाचून लोक प्रेमाने डबे पाठवतात. पण उकळलेलं पाणी, स्वच्छ बाटली, डबा संपल्यावर पुढचा आणायला पैसे, यातलं काहीच त्या घरात नसतं. आई पावडर पातळ करून पुरवते, बाळाला हगवण लागते, आणि तोवर अंगावर पाजणं कमी झाल्याने आईचं दूधही आटलेलं असतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे आशाताई दारोदार फिरून सांगते. आपला एक डबा तिचं सांगणं पुसून टाकतो. शिवाय हे बेकायदाही आहे. १९९२ च्या कायद्याने बाळासाठीची दुधाची पावडर, दुधाची बाटली आणि दोन वर्षांखालच्या मुलांचं डबाबंद अन्न दान करायला किंवा वाटायला मनाई आहे. सवलत आहे ती अनाथालयापुरती.

मग कुपोषणासाठी काय करायचं? आधी अंगणवाडीत जाऊन बसा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी द्यायची असतात. ती मिळतात का, पैसे वेळेवर येतात का, सेविकेला इंधनाची अडचण आहे का, हे शांतपणे पाहा. अडलेल्या ठिकाणी मदत करा. एखादीला वजनकाटा दुरुस्त करून हवा असतो, एखादीला नुसती पाण्याची टाकी. दंडाचा घेर मोजायची पट्टी वापरायला शिकून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजतात. असं मूल दिसलं तर बिस्किटाचा पुडा देऊन पुढे जाऊ नका. सेविकेला आणि सिस्टरला त्याच दिवशी सांगा. मूल खात नसेल, ताप किंवा हगवण असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं, आणि तेव्हा तुमची गाडी खऱ्या अर्थाने कामी येते. आईसोबत कोण जाणार आणि घरच्या दुसऱ्या लेकराला कोण सांभाळणार, हेही विचारा. बहुतेक वेळा आई नकार देते तो याच अडचणीपायी.

एक दिवसाचं आरोग्य शिबिर

शिबिरात तीनशे लोक तपासले, गोळ्या दिल्या, बॅनरसमोर फोटो झाला. पंधरा दिवसांनी गोळ्या संपतात. धारणी तालुक्यातल्या असोत की उमरखेडच्या, आशाताई एकच सांगतात. एकीने वऱ्हाडीत सांगितलेलं इथे देते: “डॉक्टर गेले, गोया सरल्या, आता लोकं मले इचारते. म्या कोठून आणू?”

रक्तदाबाची गोळी अर्ध्यात सोडणं धोक्याचं असतं. तेव्हा शिबिर ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. तिथे जी औषधं मिळतात तीच लिहा. तपासलेल्यांची यादी, आकड्यांसह, आशाताईकडे आणि केंद्रात ठेवून या. घरातल्या उरलेल्या गोळ्या, पाकिटावरची तारीख गेलेली सरबतं, सॅम्पलचे डबे यांना गाडीत जागाच देऊ नका. लोक सुई किंवा सलाईन मागतील, कारण त्याशिवाय उपचार झाला असं वाटत नाही. तिथे नाही म्हणायचं धाडस ठेवा आणि कारणही सांगा.

विदर्भात सिकलसेलबद्दल, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराबद्दल, जास्त जपावं लागतं. फिकट चेहरा दिसला की लोहाच्या गोळ्या वाटायच्या, ही शिबिरांची सवय आहे. पण सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्याला, तपासल्याशिवाय लोह देणं घातक ठरू शकतं. त्याहून मोठी जखम दुसऱ्याच गोष्टीने होते: निकाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवणं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे गावात समजावायला वर्षं लागतात, आणि एका वाचनाने मुलीचं ठरलेलं लग्न मोडू शकतं. निकाल एकेकट्याला, घरच्या भाषेत. माडिया आणि कोरकू आदिवासी घरांत मराठी ही परकी भाषा असते, त्यामुळे दुभाष्या सोबत हवाच. पण बाईच्या तक्रारी सांगायला शेजारचा पोरगा बसवू नका, एखादी बाई शोधा.

गावातल्याच माणसाला शिकवलं तर काय होतं, याचा दाखला गडचिरोलीतच आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडं शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला तयार केलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासतात, त्याची मुळं या कामात आहेत. त्याच संस्थेने दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता आलं पाहिजे, असं लोक म्हणाले. म्हणून तो झोपड्यांसारखा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. तुमच्याकडे आठ दिवस आणि एक चांगला डॉक्टर असेल, तर तीनशे रुग्ण तपासण्याऐवजी दहा आशाताईंसोबत बसा. त्यांना काय अडतं ते विचारा आणि तेवढंच नीट शिकवा.

भूमकाचा, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूचा, किंवा पुजाऱ्याचा अपमान करणं ही याच कामातली चूक. मेळघाटात आजारी मूल आधी भूमकाकडे जातं. त्याला खोटं पाडायला गेलात तर आई मूल घेऊन तुमच्यासमोरून निघून जाईल. त्याच्या घरी जा, जमिनीवर बसा, आणि एवढंच मागा: तुमचं करा, पण श्वास जोरात चालला असेल, मूल दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्याकडे पाठवा.

कर्त्याच्या मागे राहिलेल्या घरात

ज्या घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली, तिथे पत्रकार येतात, अभ्यासक येतात, पुढारी येतात, मग आपण येतो. प्रत्येकासमोर त्या बाईला तो दिवस पुन्हा सांगावा लागतो. कृपा करून विचारू नका, ‘कसं झालं?’ धनादेश देतानाचा फोटो काढू नका, मुलांचे तर नकोच. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. तेव्हा मात्र मोबाईल पिशवीत ठेवून ऐका.

तिची रोजची झुंज बहुधा कागदांशी असते. सरकारी मदत १ लाख रुपयांची. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेव म्हणून, आणि तेही प्रकरण पात्र ठरलं तर. जमीन अनेकदा सासऱ्याच्या नावावर असते, म्हणून तिला पीककर्ज मिळत नाही. सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली नसते. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जात एक दाखला कमी पडतो आणि तेवढ्यासाठी तहसीलच्या चार चकरा होतात, चारही दिवसांची मजुरी जाते. तुमच्या गटात वकील, निवृत्त तलाठी, बँकेचा माणूस असेल तर त्याने इथे यावं. तिच्यासोबत तलाठ्याकडे जावं, फेरफार होईपर्यंत मागे लागावं. काम तिच्या हातून, तिच्या सहीने होऊ द्या. पुढच्या खेपेला ती एकटी जाऊ शकली पाहिजे. सासरच्यांच्या वाटणीत मात्र तिने विचारल्याशिवाय बोलू नका. तुम्ही परत जाल, तिला त्याच अंगणात राहायचं आहे.

गावाला न विचारता काम सुरू करणं

सरपंचाशी फोनवर बोलणं झालं म्हणजे गावाची परवानगी मिळाली, असं होत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे देशात सर्वात आधी, २००९ मध्ये, सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांपैकी एक. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने. बाकीच्या गावांत इतकी घडी बसलेली नसेल, तरी ग्रामसभेत विषय मांडा आणि बायांचं मत वेगळं विचारा. त्या गप्प राहिल्या तर होकार धरू नका. गाव नाही म्हणालं तर गाडी वळवा.

स्वतःची तयारी

गडचिरोलीत लोकांनी लढून मिळवलेली दारूबंदी १९९३ पासून आहे, वर्ध्यातही आहे. सामानात बाटली नको, मुक्कामात गंमत म्हणून मोहाचीही नको. ज्या बायांनी त्यासाठी मोर्चे काढले, त्यांच्याच घरी तुम्ही जेवणार असता. जेवणाचे पैसे आधी ठरवून द्या; पाहुण्यासाठी कोंबडी कापायची वेळ गरीब घरावर आणू नका. मच्छरदाणी, विजेरी, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट. फोन लागणार नाही हे घरी सांगून ठेवा.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात दिलेले शब्द पाळा. डोळे तपासून चष्म्याचे नंबर लिहून नेले आणि चष्मे आलेच नाहीत, असं झालं की पुढच्या गटाकडे कोणी डोळे दाखवायला येत नाही. रक्ताचे अहवाल आशाताईला पाठवा, फोटो ज्यांचे त्यांना छापून पाठवा. आणि पुढच्या काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना आधी सांगा की गडचिरोलीत किंवा मेळघाटात राहून आलोय, आणि मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.