गच्चीवर सिरॅमिक की कंपोझिट डेक? या चुका टाळा

शोरूममध्ये कंपोझिटचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनवलेल्या फळीचा) हातभर तुकडा आणि एक टाईल शेजारी ठेवून, रंग पाहून निवड करणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. दोन्ही माल चांगले असू शकतात. पण पुण्यात गच्चीला एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारं ऊन, मग चार महिने पाऊस आणि डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या आसपासच्या रात्री सोसायच्या असतात. त्यात काय टिकेल, हे वरच्या थरापेक्षा खालचा स्लॅब ठरवतो.

आधी पाणी साठवून बघा

पावसाळी पाइपचं तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास ठेवा आणि खालच्या घराचं छत तपासा. मग तोंड उघडा. पाणी गेल्यावर जिथे डबकं उरतं तिथे उतार चुकलेला आहे. १०० ला १ हा उतार किमान हवा, म्हणजे तीन मीटरला ३० मिलिमीटर. कोथरूड किंवा पेठांमधल्या जुन्या इमारतींवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग थर असतो. ठोकल्यावर तो पोकळ वाजला तर आधी त्याची दुरुस्ती करा. वॉटरप्रूफिंगबद्दल थोडीही शंका असेल तर सिमेंटमध्ये पक्की बसवलेली टाईल घेऊच नका. पेडेस्टलवरची (बुटक्या पायांवर सुटी ठेवलेली) टाईल किंवा फ्रेमवरचं कंपोझिट उचलून गळती शोधता येते. पक्की फरशी मात्र फोडावी लागते.

वजनाचा हिशेब न करणं

५० मिमी सिमेंट-वाळूचा थर आणि १० मिमी टाईल मिळून दर चौरस मीटरला सुमारे १२५ किलो होतात. पेडेस्टलवरच्या २० मिमी पोर्सेलिनचे (फार कमी पाणी पिणाऱ्या घट्ट टाईलचे) ४६ ते ४८ किलो, तर अ‍ॅल्युमिनियम फ्रेमसह कंपोझिटचे साधारण २० ते ३०. लोकांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास चल भार धरलेला असतो, आणि तो माणसं व सामानासाठी असतो. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवून वर मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्या मांडायच्या असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. जुन्या इमारतीत, जुनी फरशी काढणं शक्य नसेल तर आमचं मत स्पष्टपणे कंपोझिटच्या बाजूने आहे.

भिंतीची टाईल गच्चीवर लावणं

बाथरूमच्या भिंतीची सिरॅमिक टाईल वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, पोर्सेलिन ०.५ टक्क्यापेक्षा कमी. दुकानातच टाईल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचे थेंब टाका. दोन मिनिटांत ते जिरले तर ती गच्चीसाठी नाही. पृष्ठभाग खरखरीत, आर-११ दर्जाचा (हा घसरण-रोधाचा दर्जा) मागा. चकचकीत टाईल पहिल्याच पावसात पाय घसरवते.

पेडेस्टलवर २० मिमीच हवी. ९-१० मिमीची टाईल फक्त चार कोपऱ्यांवर टेकली की मधोमध तडकते. ३ बाय ४ मीटरच्या गच्चीला ६०० बाय ६०० च्या ३५ टाईल लागतात. काट-तूट धरून ३८ घ्या. कोपऱ्यांसाठी ४८ पेडेस्टल लागतील. जड फर्निचर येणार असेल तर प्रत्येक टाईलच्या मध्यभागी आणखी एक द्या. बाणेर-बालेवाडीकडच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर वारा सुट्या टाईल उचलू शकतो, म्हणून कडेच्या ओळी क्लिपने बांधून घ्या.

टाईल वाजायला किंवा उचलायला लागली तर

कारण बहुतेक वेळा एकच असतं: मिस्त्रीने अ‍ॅडहेसिव्हचे पाच ठिपके देऊन टाईल दाबली. ठिपक्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं, सांध्यांतून पांढरे क्षार येतात आणि उन्हात टाईल सुटते. १० मिमी दात्यांच्या थापीने सगळीकडे अ‍ॅडहेसिव्ह पसरायचं, टाईलच्या पाठीलाही पातळ थर द्यायचा, आणि पहिल्या दोन-तीन टाईल उचलून पाठ पूर्ण भरली आहे का ते पाहायचं. सांधे किमान ३ मिमी. दर तीन मीटरला आणि कठड्याच्या कडेने ८ ते १० मिमीचा प्रसरण सांधा पीयू (पॉलियुरेथेन) या लवचिक सीलंटने भरायचा. या सांध्यात ग्राउट, म्हणजे टाईलच्या फटीत भरायचं कडक सिमेंटी मिश्रण, भरलं की मे महिन्यात फरशीला फुगायला जागाच उरत नाही आणि दोन टाईल तंबूसारख्या वर येतात. अशा वेळी नुसत्या त्या दोन टाईल पुन्हा चिकटवून काही होत नाही; कडेचा सांधा कापून मोकळा करावाच लागतो.

कंपोझिटला हलायला जागा न देणं

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी लांबीत वाढते. २.९ मीटरची फळी हिवाळ्यातल्या रात्रीपासून मेच्या दुपारपर्यंत ५-६ मिमी सरकू शकते. जानेवारीच्या सकाळी काम असेल तर टोकांना ६ मिमी फट ठेवा, मेच्या दुपारी असेल तर २-३ मिमी पुरते. भिंतीपाशी १० मिमी. फळी फक्त मध्यावर एका जागी स्क्रूने पक्की करायची, बाकी सगळीकडे स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा, म्हणजे ती दोन्हीकडे सरकते. पोकळ फळीखाली फ्रेमचे पाइप ३०० मिमीवर हवेत. अंतर ४५० केलं की फळी झोळ खाते आणि चालताना करकरते. टोक शेवटच्या पाइपच्या पुढे ५० मिमीपेक्षा जास्त नको.

फ्रेम स्लॅबला ड्रिल करून बसवणं म्हणजे वॉटरप्रूफिंगला स्वतःच्या हाताने भोकं पाडणं. रबरी पॅडवर सुटी फ्रेम ठेवा, आणि पाइप उताराच्या दिशेने टाका. उताराला आडवे टाकले तर प्रत्येक पाइपमागे पाणी अडतं. साधा लोखंडी पाइप टाळा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) वापरलात तर कापलेल्या टोकांना झिंक पेंट लावा.

ऊन, फटाके, अ‍ॅसिड

गडद तपकिरी कंपोझिटवर मेच्या दुपारी अनवाणी चालवत नाही. गडद टाईलही तापते. नमुना दुपारी दोनपर्यंत उन्हात ठेवून त्यावर तळपाय टेकवा, मगच रंग ठरवा. पश्चिमेला उघडी गच्ची असेल तर आम्ही फिक्या रंगाचं पोर्सेलिन सुचवतो. दिवाळीत गच्चीवर अनार-भुईचक्र लावायचे असतील तरीही तेच, कारण कंपोझिटवर वितळलेला डाग जात नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला टाईलवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओतू नका, ते सांध्यातलं सिमेंट खातं. पातळ व्हिनेगर थोडा वेळच ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुवा. तेही आधी कोपऱ्यात करून पाहा.

जाळी डेकखाली गाडणं

दोन्ही पद्धतींत पाणी खालून वाहतं, म्हणून पावसाळी पाइपच्या जाळीवरची एक टाईल किंवा दोन फळ्या हाताने उचलता येतील अशाच ठेवा. गुलमोहराची बारीक पानं सर्वांत आधी तिथेच अडकतात, आणि साचलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात. जूनपूर्वी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला जाळी उघडून साफ करा. बिल करताना त्याच बॅचच्या चार टाईल किंवा दोन फळ्या जादा घ्या. पुढच्या बॅचची छटा क्वचितच जुळते.