गाडी पहिल्यांदा आडवी पडल्यावर

मोटारसायकल शिकणाऱ्याची गाडी पहिल्यांदा आडवी होते ती बहुधा वेगात नव्हे, तर जवळजवळ उभी असताना. थांबताना खडीवर पाय घसरतो, गाडी वळवून घेताना इंजिन बंद पडते किंवा स्टँड पूर्ण उघडला आहे असे समजून हात सोडले जातात, आणि क्षणभरात गाडी जमिनीवर असते. अशा पडण्याने गाडीचे नुकसान सहसा थोडकेच होते. एखादा आरसा, एखादे लिव्हर, टाकीवर एखादा ओरखडा एवढ्यावर भागते. खरा धोका असतो तो त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत, कारण त्या वेळी नवख्या माणसाच्या मनात एकच गोष्ट असते, ती म्हणजे कोणी पाहण्याच्या आत गाडी उभी करणे. माझी गाडी पडली तेव्हा मीही तेच केले. उजवीकडे पडलेली गाडी वाकून, सगळा जोर कमरेवर घेऊन, मी एका दमात ओढून उभी केली आणि ती त्याच दमात डावीकडे जाऊन पडली, कारण स्टँड उघडायचे मला सुचलेच नव्हते. दोन्ही बाजूंना सारखेच ओरखडे असलेल्या त्या गाडीकडे पाहून मेकॅनिकने काहीही विचारले नाही, हा त्याचा मोठेपणा.

गाडी पडू लागली आहे हे लक्षात आले की तिला किती वेळ धरून ठेवायचे, हा पहिला प्रश्न असतो. 100 ते 125 सीसीच्या हलक्या गाडीचे वजन साधारण 110 ते 125 किलो असते, तर 350 सीसीच्या गाडीचे 180 ते 195 किलोच्या आसपास. गाडी सरळ असते तोवर हे सगळे वजन चाकांवर असते आणि ती बोटाने तोलून धरता येते. थोडी कलली तरी एका पायावर पेलते. पण कल वाढत जातो तसा तुमच्या वाट्याला येणारा भार झपाट्याने वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे तो कोणाच्याही आटोक्यात राहत नाही. ती मर्यादा ओलांडली गेली की गाडी सोडून द्यावी. शेवटच्या क्षणी तिला अडवण्यासाठी पाय ताठ रोवून ठेवणारे लोक गुडघा किंवा घोटा दुखावून घेतात, आणि गाडी तरीही पडतेच. सोडताना ॲक्सिलरेटरवरचा हात आधी काढावा, गाडीपासून बाजूला पाऊल टाकावे आणि पाय तिच्याखाली सापडणार नाही एवढेच पाहावे. शक्य झाल्यास हँडल धरून तिला जरा हळू खाली टेकू द्यावे, पण त्याचा हट्ट धरू नये.

गाडी पडल्यावर इंजिन चालू असेल तर ते लगेच बंद करावे. हँडलवरचे लाल बटण त्यासाठीच असते. ते दाबून मग चावीही बंद करावी. मागचे चाक हवेत फिरत असेल तर ते थांबेपर्यंत साखळीच्या आसपास हात नेऊ नये. रहदारीच्या रस्त्यावर असाल तर गाडीआधी स्वतः सुरक्षित जागी व्हावे आणि कोणाला तरी मागून येणाऱ्या वाहनांना हात दाखवायला सांगावे. त्यानंतर स्वतःकडे पाहावे. धक्क्याच्या भरात पहिली काही मिनिटे वेदना जाणवत नाहीत, म्हणून मनगटे, घोटे आणि गुडघे सावकाश हलवून पाहावेत आणि पोटरीवर सायलेन्सरचा चटका बसला आहे का, तेही तपासावे. चटका बसला असेल तर त्यावर बराच वेळ साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. पडताना डोके जोरात आपटले असेल, तर गाडी चालवत निघू नये, आणि ते हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतला थर्मोकोलसारखा थर धक्का शोषताना दबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

पेट्रोल सांडत असेल, तर जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, हे पाहावे. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंधन-इंजेक्शन नसलेल्या जुन्या धाटणीच्या गाडीला पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) असेल तर तो बंद करावा. गाडी आडवी असताना टाकीच्या झाकणातून किंवा खालच्या नळीतून थोडे पेट्रोल ठिबकणे स्वाभाविक आहे. धार लागली असेल तर मात्र गाडी लवकर उभी करणे भाग आहे. गाडी उचलताना घाई करण्याचे एवढे एकच योग्य कारण मला माहीत आहे.

आता उचलण्याविषयी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मदतीला कोणाला तरी बोलावणे, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काहीही नाही. मात्र एकट्याने उचलायची वेळ येणारच, म्हणून गाडी कोणत्या बाजूला पडली आहे ते आधी नीट पाहावे. साइड स्टँड डावीकडे असतो. गाडी उजवीकडे पडली असेल, तर उचलण्यापूर्वीच स्टँड पूर्ण उघडून ठेवावा, म्हणजे उभी झालेली गाडी पलीकडे झुकली तरी स्टँडवर टेकेल. बहुतेक गाड्यांचा गिअरही डावीकडेच असल्याने अशा वेळी तो वरच्या अंगाला असतो. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा, म्हणजे उचलताना गाडी पुढे-मागे घरंगळणार नाही. गाडी डावीकडे पडली असेल तर स्टँड आणि गिअर दोन्ही खाली दबलेले असतात. अशा वेळी पुढच्या ब्रेकचे लिव्हर रबराने किंवा पट्ट्याने हँडलला आवळून बांधावे. तेही जवळ नसेल तर चाकाला दगड लावावा. उभी झाल्यावर तुम्ही डावीकडेच असता, त्यामुळे गाडी कमरेला टेकवून धरून पायाने स्टँड उघडता येतो.

उचलण्याची जी पद्धत पाठीला कमी त्रास देते, तीत गाडीकडे पाठ करून उभे राहतात. प्रथम हँडल ज्या बाजूला गाडी पडली आहे त्याच बाजूला पूर्ण वळवावे, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते आणि हाताला सापडते. मग सीटच्या कडेला पाठीचा खालचा भाग आणि कुल्ले टेकवून, खुर्चीवर बसावे तसे खाली बसावे. एका हाताने ती मूठ धरावी आणि दुसऱ्या हाताने मागची दांडी किंवा चॅसिसचा (गाडीच्या सांगाड्याचा) एखादा भक्कम भाग धरावा. इंडिकेटर, प्लास्टिकचे पत्रे आणि सायलेन्सर यांना हात लावू नये. पाठ ताठ, नजर समोर ठेवून पायांनी मागे रेटा द्यायचा आणि अगदी लहान पावले टाकत मागे सरकायचे. हातांचे काम फक्त धरून ठेवण्याचे असते. उचलण्याचे काम मांड्या करतात. सुरुवातीचा टप्पा जड जातो, अर्ध्याच्या वर आल्यावर गाडी अचानक हलकी वाटू लागते, आणि नेमके तिथेच सावकाश व्हायचे असते; मी जोर कमी केला नव्हता तो तिथेच. उतारावर चाके खालच्या अंगाला असतील तर काम सोपे होते. ती वरच्या अंगाला असतील तर एकट्याने उचलण्याच्या फंदात न पडता आधी कोणाच्या तरी मदतीने गाडी जमिनीवरच फिरवून घ्यावी.

गाडी उभी झाली की लगेच स्टार्टर दाबण्याचा मोह होतो, तो आवरावा. आडव्या गाडीतले ऑइल इंजिनात नको तिथे गेलेले असू शकते, ते खाली उतरायला पाच-दहा मिनिटे द्यावीत. तेवढ्या वेळात गाडी पाहून होते. क्लच आणि ब्रेकची लिव्हर दाबून सोडावीत. लिव्हर टोकाकडे मोडले असेल पण दोन बोटे बसण्याइतके शिल्लक असेल, तर सावकाश घरी जाता येते, मात्र पुढच्या ब्रेकचे लिव्हर मुळातूनच गेले असेल तर गाडी चालवू नये. पुढचा ब्रेक डिस्कचा असल्यास तो स्पंजासारखा दबतो का ते पाहावे. तसे असेल तर लिव्हर अनेकदा दाबून कडकपणा परत येतो का ते बघावे, आणि नाही आला तर गाडी तिथेच ठेवावी. ब्रेक ऑइल रंगावर सांडले असेल तर ते पाण्याने लगेच धुवावे, कारण ते रंग खाते. ॲक्सिलरेटर पिळून सोडल्यावर आपोआप पूर्ण मागे येतो का, ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती करावी. गिअरचे किंवा ब्रेकचे पेडल आत वाकून इंजिनाला टेकले असेल तर ते हाताने हळूच बाहेर ओढावे. एकदम झटका दिल्यास ते तुटते. शेवटी गाडीखाली वाकून ऑइल ठिबकते का ते पाहावे. इंजिनाच्या बाजूच्या कव्हरला तडा गेला असेल तर इंजिन चालू करू नये.

इंधन-इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, म्हणून चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. आणि मघाशी दाबलेले लाल बटण पूर्ववत करायला निम्मे लोक विसरतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त झाले असेल तर चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायची कळ) न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून स्टार्टर मारावा. सुरू झाल्यावर थोडा वेळ निळसर-पांढरा धूर निघेल. तो काही मिनिटांत विरला तर चिंता नको. पहिले काही मीटर चालण्याच्या वेगाने जावे आणि हँडल सरळ असताना गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. तसे वाटल्यास पुढचे शॉकअप (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) बहुधा पिळले गेले आहेत, आणि ते मेकॅनिककडूनच सरळ करून घ्यावे लागतील.

पुन्हा पडू नये म्हणून एकच सवय लावायची असेल तर ही लावावी: हँडल वळलेले असताना अगदी कमी वेगात पुढचा ब्रेक दाबू नये. वळताना कललेली गाडी तिच्या चालीमुळेच तोललेली असते. चाल एकदम तुटली की सगळे वजन आतल्या बाजूला येते आणि पाय पोहोचण्याआधी गाडी खाली जाते. म्हणून थांबण्यापूर्वी हँडल सरळ करावे आणि शेवटच्या दोन-चार फुटांत मागचा ब्रेक वापरावा. जागेवर वळवून घेताना हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, चाल कायम ठेवून, मागचा ब्रेक किंचित दाबून, नजर जायचे आहे तिकडे ठेवावी. पुढच्या चाकाकडे पाहणारा माणूस तिथेच पडतो. पाय टेकण्याची जागा गाडी थांबण्याआधी पाहून ठेवावी. स्टँड पायाने पुढे रेटून पक्का बसल्याची खात्री झाल्याशिवाय वजन सोडू नये, मऊ जमिनीत त्याखाली सपाट दगड ठेवावा आणि उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करावी. लिव्हरचे क्लॅम्प मेकॅनिककडून अगदी आवळून न घेता असे बसवून घ्यावेत की हाताच्या वापराने हलणार नाहीत, पण जोराचा फटका बसल्यास फिरतील. म्हणजे पुढच्या वेळी लिव्हर मोडण्याऐवजी नुसते वळेल आणि तुम्ही ते जागच्या जागी सरळ करून निघू शकाल.